वाट पुसताना

आमच्या स्कूटर मंडळाची सभा
रामबागेतल्या बंद छापखान्यात भरते,
महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी.
खुर्च्या अठरा. माणसं नऊ.
त्यातल्या दोघांना आता किक मारता येत नाही.
ते रिक्षानं येतात, हेल्मेट मात्र आणतात.

पत्रिकेवर बारा वर्षं पहिला विषय तोच :
‘तरुणांना मंडळात कसे आणावे.’
मोघे म्हणतात, टी-शर्ट छापू.
यमुताई म्हणतात, पोहे ठेवा, वर शेव जास्त घाला.
टिकेकर काहीच म्हणत नाहीत.
त्यांच्या मुलाची लॅम्ब्रेटा
गोणपाटाखाली उभी आहे, मुलगा टोरांटोत.
मी चिटणीस. मी लिहून घेतो :
‘साधकबाधक चर्चा झाली.’

काम तसं साधं.
पावसाळा सरला की महूच्या पुढे जायचं,
जानापावच्या पायथ्याकडे जाणारी जुनी गाडीवाट
घाणेरी छाटून मोकळी करायची,
खड्ड्यांत मुरूम टाकायचा,
दगडांवर पिवळे बाण काढायचे,
म्हणजे कुणी वेडा स्कूटर घेऊन आत गेला
तर अंधारायच्या आत बाहेर येईल.
वर्गणी वर्षाला दोनशे. पगार कुणालाच नाही.

गेल्या कोजागिरीला एक मुलगी आली.
कौशिकी रायरीकर, वय बावीस,
आजोबांची निळी व्हेस्पा,
क्लचची तार स्वतः बदललेली.
मी फॉर्म दिला. फॉर्मात रकाना आहे, ‘पूर्वानुभव’.
तिनं लिहिलं, ‘तोच घ्यायला आले.’
मी तिला कोयता दिला, घमेलं दिलं,
चहाचा थर्मास दिला.
ती म्हणाली, “काका, आणि ठरवायला काय देणार?”
“भिया,” मोघे माझ्या कानात, “ही टिकत नाही.”

टिकली.
आणि विचारत राहिली.
कपाटाची किल्ली तुमच्याच खिशात का?
बाण पिवळाच का?
(एकोणनव्वद साली आफळ्यांच्या दुकानात
तोच एक डबा उरला होता. हे मी सांगितलं नाही.)
ओढ्यापाशी वाट उजवीकडेच का वळते,
जिथे दर वर्षी निम्म्या गाड्या रुततात?
“पूर्वीपासून,” मी म्हणालो,
आणि तो शब्द
चपलेत शिरलेल्या खड्यासारखा
घरापर्यंत माझ्याबरोबर आला.

आपल्या भाषेत पुसणं म्हणजे विचारणं,
पुसणं म्हणजे नाहीसं करणंही.
तिनं आधी एक केलं, मग दुसरं.
पॉलिटेक्निकची दोन पोरं, एक मामेबहीण,
रॉकेल, तारेचा ब्रश.
ओढ्यापासचे माझे सात बाण
एका सकाळी गेले.
त्यांच्या जागी काहीच नाही,
आणि डावीकडच्या चढावर नारिंगी.

मी जेवलो नाही त्या रात्री.
राजीनामा लिहिला, वळणदार अक्षरात,
आवक नोंदवहीत मीच नोंदवला,
क्रमांक सदतीस.
पुढच्या सभेला खुर्च्या कमी पडल्या.
तीन पोरं टाइपांच्या रिकाम्या पेट्यांवर बसली
आणि मुरमाच्या भावावरून
कोषाध्यक्षांशी भांडली.
असं भांडण आमच्याकडे किती वर्षांत झालं नव्हतं!
राजीनामा खिशातच राहिला,
किल्लीला बिलगून.

मग तो रविवार.
मी सगळ्यांच्या पुढे. चिटणीस पुढेच असतो.
ओढा आला,
आणि डोकं काही म्हणायच्या आत
हात उजवीकडे वळले.
चाक चिखलात. इंजिन गप्प.
आजूबाजूला दगड, सगळे कोरे.
तीस वर्षं मी या वाटेवर
लोकांना हरवू दिलं नव्हतं.

तेवढ्यात डावीकडून, वरून,
हॉर्न.
दोन छोटे, एक लांब :
‘मी इथे आहे, तू कुठे?’
ही खूण मीच ठरवलेली,
कुठल्या इतिवृत्तात नाही,
वीस वर्षांत कुणी वाजवली नाही.
हिला कोणी सांगितली?

पुन्हा वाजला.
माझा हॉर्न पाण्यात भिजलेला.
मी इकडेतिकडे पाहिलं,
कुणी नव्हतं,
आणि तोंडानंच वाजवला.